रिकाम्या गॅलऱ्या, भरलेली गॅरेजं

१७ मे २०२० च्या रविवारी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर हिरवा झेंडा फडकला आणि चाळीस गाड्या सुसाट सुटल्या. स्टँडमध्ये मात्र चिटपाखरूही नव्हतं. नॅसकार ही अमेरिकेतली सर्वांत लोकप्रिय मोटारशर्यतींची मालिका. ८ मार्चला फीनिक्समध्ये तिची शर्यत झाली आणि त्यानंतर करोनाने दहा आठवडे सगळं बंद पाडलं. डार्लिंग्टनची चारशे मैलांची शर्यत केविन हार्विकने जिंकली. त्याच्या कारकिर्दीतला हा पन्नासावा विजय, पण तो गाडीतून उतरला तेव्हा समोर टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं. या पुनरागमनाबद्दल जे जे छापून आलं, त्यातलं बरंचसं या शुकशुकाटाबद्दल होतं. ते स्वाभाविकही आहे, कारण रिकामी गॅलरी छायाचित्रात फार छान येते. मात्र त्या छायाचित्रांनी सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच वळवलं असं मला वाटतं. महामारीत शर्यत भरवावी की नाही हा प्रश्न स्टँडमध्ये किती माणसं नाहीत यावरून सुटणारा नव्हताच. भिंतीच्या आतल्या बाजूला, गॅरेजमध्ये आणि पिटमध्ये, किती माणसं आहेत, ती कुठून आली आहेत आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या चाचण्या, डॉक्टर आणि खाटा कुणाच्या वाट्यातून येत आहेत, यावरच त्याचं उत्तर अवलंबून होतं.

हे पटवायला डार्लिंग्टनच्या दोन महिने आधीचा मेलबर्नचा फजितवाडा पुरेसा आहे. फॉर्म्युला वनच्या २०२० च्या हंगामाची सुरुवात १५ मार्चला ऑस्ट्रेलियात व्हायची होती. दहाही संघ, त्यांची शेकडो माणसं, इटलीतून निघालेली फेरारीची मंडळीसुद्धा मेलबर्नला पोचली. उत्तर इटलीत तेव्हा हाहाकार माजला होता. गुरुवारच्या पत्रकार परिषदेत मर्सिडीजचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन याने, आपण सगळे इथे या खोलीत बसलो आहोत याचाच आपल्याला धक्का बसला आहे, असं बोलून दाखवलं आणि शर्यत का थांबत नाही असं विचारल्यावर पैशाकडे बोट दाखवलं. त्याच रात्री मॅक्लारेन संघातला एक कर्मचारी बाधित असल्याचं निष्पन्न झालं आणि संघाने माघार घेतली. त्याच्या संपर्कात आलेल्या चौदा सहकाऱ्यांना विलगीकरणात राहावं लागलं. शुक्रवारी सकाळी शर्यत रद्द झाल्याचं जाहीर झालं तेव्हा तिकिटं घेतलेले लोक दारावर रांगा लावून उभे होते. आता यातली गंमत पाहा. पुढची शर्यत बहारीनला होती आणि ती प्रेक्षकांविना घ्यायची हे तिथल्या आयोजकांनी ८ मार्चलाच ठरवून टाकलं होतं. प्रेक्षक काढून टाकले की धोका गेला, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात मेलबर्नची शर्यत मोडली ती संघाच्या आतल्या एका माणसामुळे. तिथे एकही तिकीट विकलं गेलं नसतं तरी शेवट हाच झाला असता.

मोटारशर्यत हा खेळ वरवर पाहिला तर महामारीसाठी मुद्दाम बनवल्यासारखा वाटतो. प्रत्येक खेळाडू आपापल्या गाडीत एकटा, डोक्यावर हेल्मेट, अंगावर आगरोधक पोशाख, कुणाचा कुणाला स्पर्श नाही. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये हे शक्य नाही. पण ट्रॅकवर जे दिसतं तो या खेळाचा लहानसा भाग असतो. फॉर्म्युला वनमध्ये चाकं बदलायला गाडी पिटमध्ये आली की वीसेक जण खांद्याला खांदा लावून तिच्याभोवती वाकतात. आदल्या रात्री मेकॅनिक बंदिस्त गॅरेजमध्ये तासन् तास एकाच इंजिनावर ओणवे असतात. त्याशिवाय टायरवाले, इंधनवाले, टीव्हीचे तंत्रज्ञ, तांत्रिक तपासनीस, झेंडे दाखवणारे मार्शल, अग्निशामक, डॉक्टर. फॉर्म्युला वनचा हा सगळा लवाजमा दर दोन आठवड्यांनी नव्या देशात उतरतो. विषाणूला याहून सोयीची वाहतूक कुठली मिळणार? म्हणून शर्यत सुरक्षित करायची तर या लवाजम्यालाच कात्री लावणं भाग होतं.

नॅसकारने नेमकं तेच केलं आणि तेही साध्या उपायांनी. त्यांचे बहुतेक संघ नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराच्या आसपास आहेत. म्हणून पहिल्या शर्यती तिथून गाडीने जाऊन त्याच दिवशी परतता येईल अशा ठिकाणी ठेवल्या. विमान नाही, हॉटेल नाही. एरवी शर्यतीआधी सराव होतो, मग पात्रता फेरी होते. बहुतेक शर्यतींसाठी ते दोन्ही रद्द झालं आणि गाड्यांचा क्रम ठरवायला चिठ्ठ्यांचा आधार घेतला गेला. एका गाडीमागे सोळाच माणसं आत येतील असा दंडक घातला. ताप तपासायचा, प्रश्नावली भरून घ्यायची, मास्क सक्तीचा, ड्रायव्हरने शर्यतीपर्यंत एकट्याने थांबायचं. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही, ती म्हणजे करोनाची चाचणी. मे महिन्यात अमेरिकेत चाचण्या तुटपुंज्या होत्या आणि त्या ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी राहाव्यात, ही त्यांची भूमिका होती. ती सरसकट पळवाट म्हणून झिडकारता येत नाही. इथे दोन कर्तव्यं एकमेकांच्या आड येतात. सार्वजनिक साधनं वापरायची नाहीत हे एक आणि आपल्यातलं कोण बाधित आहे हे माहीत असायला हवं हे दुसरं. नॅसकारने पहिलं पाळलं आणि दुसरं नशिबावर सोडलं. जुलैच्या सुरुवातीला सात वेळचा विजेता जिमी जॉन्सन बाधित निघाला, तोही पत्नीचा अहवाल आल्यावर स्वतःहून चाचणी केली म्हणून. सलग ६६३ शर्यतींची त्याची मालिका इंडियानापोलिसला तुटली. प्रश्नावली आणि तापमापक यांच्या जाळ्यातून त्याच्याआधी किती जण निसटले असतील, हे त्या पद्धतीत कुणालाच कळणार नव्हतं.

फॉर्म्युला वनचा मार्ग महागडा होता. ५ जुलैला ऑस्ट्रियात श्पीलबर्गच्या डोंगराळ भागातल्या रेड बुल रिंगवर हंगाम सुरू झाला. पुढच्या रविवारी तिथेच दुसरी शर्यत झाली, वेगळ्या नावाने. एकाच ट्रॅकवर दोन-दोन शर्यती घेतल्या की प्रवास निम्मा होतो, हा त्यामागचा विचार. प्रेक्षकांविना होणाऱ्या शर्यतीला एका संघाने जास्तीत जास्त ऐंशी माणसं आणायची. प्रत्येक संघाचा वेगळा कंपू, त्यातही एकत्र काम करणाऱ्यांचे छोटे गट, आणि एका गटाने दुसऱ्यात मिसळायचं नाही. दर पाच दिवसांनी प्रत्येकाची चाचणी आणि तीही खासगी प्रयोगशाळेकडून, म्हणजे स्थानिक आरोग्यसेवेवर भार नको. २६ जून ते २ जुलै या पहिल्या आठवड्यात ४,०३२ चाचण्या झाल्या आणि एकही बाधित सापडला नाही. नियम कागदावर राहिले नाहीत हेही लवकरच दिसलं. दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत फेरारीचा शार्ल लेक्लेर मोनॅकोला घरी जाऊन मित्रमंडळींत मिसळला, तेव्हा जागतिक मोटारक्रीडा संघटनेने त्याला ताकीद दिली. पारितोषिक समारंभसुद्धा मंचावरून ट्रॅकवर आला आणि दुसऱ्या रविवारी तर दूरनियंत्रित गाडे करंडक घेऊन विजेत्यांपुढे आले. हा प्रकार बालिश वाटला तरी त्यातला हेतू रास्त होता.

अर्थात या तटबंदीलाही भगदाडं होती. जुलैच्या अखेरीस मेक्सिकोला घरच्यांना भेटून आलेला ड्रायव्हर सर्हिओ पेरेझ बाधित ठरला आणि सिल्व्हरस्टोनच्या दोन्ही शर्यतींना मुकला. ऑक्टोबरात जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला लान्स स्ट्रोल आजारी पडला, तिथे नव्याने चाचणी न होताच घरी परतला आणि घरी गेल्यावर बाधित असल्याचं कळलं. म्हणजे जिथे चाचणी सर्वांत जास्त गरजेची होती तिथेच ती झाली नाही. डिसेंबरात खुद्द हॅमिल्टनची एक शर्यत बुडाली. मोटरसायकलींच्या मोटोजीपीत व्हॅलेंटिनो रॉसीलाही ऑक्टोबरात घरी बसावं लागलं. पण या प्रत्येक प्रसंगाची मेलबर्नशी तुलना करा. मार्चमध्ये एका बाधित कर्मचाऱ्यामुळे सगळी शर्यत कोसळली. जुलैनंतर बाधित ड्रायव्हर बाजूला झाला, त्याच्या जागी दुसरा बसला आणि शर्यत पार पडली. गट लहान आणि वेगळे ठेवल्यामुळे संसर्ग कुठवर गेला असेल हे सांगता येत होतं. नॅसकारने नोव्हेंबरपर्यंत ठरलेल्या सर्व ३६ शर्यती पूर्ण केल्या. फॉर्म्युला वनच्या २२ ऐवजी १७ झाल्या. दोन्ही पद्धती टिकल्या म्हणून दोन्ही सारख्याच चांगल्या ठरत नाहीत. नॅसकारला नशिबाची साथ मिळाली. फॉर्म्युला वनने साथीचं गणित समजून घेतलं आणि त्याची किंमत मोजली. खासगी चाचण्या मिळू लागल्यानंतरही त्या न करण्याचं समर्थन मला करता येत नाही.

आता पहिला आक्षेप. माणसं मरत असताना हे सगळं कशासाठी? पैशासाठी. हे उत्तर हॅमिल्टनने मार्चमध्येच देऊन टाकलं होतं आणि ते खरंही आहे. फक्त तो पैसा कुणाचा हे जरा उलगडून पाहायला हवं. फॉर्म्युला वनची मालकी अमेरिकेतल्या लिबर्टी मीडिया या कंपनीकडे आहे. २०१९ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत फॉर्म्युला वनचं उत्पन्न ६२ कोटी डॉलर होतं. २०२० च्या त्याच तिमाहीत एकही शर्यत झाली नाही आणि हा आकडा २ कोटी ४० लाखांवर आला. संघांना या उत्पन्नातून हिस्सा मिळतो, तो त्या तिमाहीत शून्य झाला. मर्सिडीज किंवा फेरारीसारखे संघ मोठ्या कंपन्यांच्या आधाराने तगले असते. पण १९७७ पासून एका कुटुंबाने चालवलेल्या विल्यम्स संघाला मे महिन्यात विक्रीची पाटी लावावी लागली आणि ऑगस्टमध्ये तो एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेला. मॅक्लारेन समूहाने बाराशे नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. या धंद्यात करोडपती ड्रायव्हर वीस आणि त्यांच्यामागे वेल्डर, शिंपी, ट्रकचालक, आचारी हजारोंनी. अमेरिकेत तर नॅसकारचा संघ म्हणजे मुख्यतः प्रायोजकांच्या पैशावर चालणारा कारखाना. गाडी टीव्हीवर दिसली नाही की तो पैसा आटतो. बंदीच्या काळात संगणकावरच्या आभासी शर्यती दाखवून पाहिल्या, लोकांनी त्या कौतुकाने पाहिल्याही. पण कारखान्यातल्या वेल्डरला त्यांत काम नव्हतं. धंदा चालू ठेवण्याची गरज ही काही लाजेची गोष्ट नव्हे. त्यासाठी इतरांचा जीव धोक्यात घातला तर ती लाजेची होते.

प्रेक्षकांविना शर्यत परवडली कशी, हेही याच हिशेबात दडलेलं आहे. नॅसकारने फॉक्स आणि एनबीसी या वाहिन्यांशी २०२४ पर्यंतचा ८२० कोटी डॉलरचा करार केलेला होता. शर्यत झाली आणि ती दाखवली गेली की पैसे मिळणार, स्टँड भरो वा न भरो. डार्लिंग्टनची शर्यत फॉक्सवर ६३ लाखांच्या आसपास लोकांनी पाहिली. फॉर्म्युला वनमध्ये गोष्ट जरा वेगळी. तिथे प्रक्षेपणाबरोबरच यजमान ट्रॅक लठ्ठ शुल्क भरतात आणि ते वसूल करतात तिकिटांतून. प्रेक्षकच नाहीत तर यजमान शुल्क देणार कुठून? त्यामुळे वर्षाचं उत्पन्न २०२ कोटी डॉलरवरून ११४ कोटींवर आलं आणि नफ्याच्या जागी ३८ कोटींहून जास्त तोटा झाला. पैशाच्या हव्यासापोटी खेळ सुरू केला म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. प्रेक्षकांविना शर्यत हा नफ्याचा नव्हे, तगून राहण्याचा सौदा होता. सर्वांत मोठा फटका बसला तो इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या शर्यतीला. अडीच लाखांच्या आसपास आसनं असलेला तिचा ट्रॅक उद्योजक रॉजर पेन्स्की यांच्याकडे जानेवारी २०२० मध्येच आला होता. मे महिन्यातली शर्यत त्यांनी २३ ऑगस्टवर ढकलली, निम्म्या प्रेक्षकांची योजना केली, मग पाव भागाची, आणि ४ ऑगस्टला एकही प्रेक्षक नाही असं जाहीर केलं. विजेत्या ताकुमा सातोला सुमारे १३ लाख ७० हजार डॉलर मिळाले. आदल्या वर्षीच्या विजेत्याला जवळपास २६ लाख ७० हजार मिळाले होते. स्टँडच्या जोरावर जगणाऱ्या शर्यतीने स्टँड रिकामे ठेवण्याचा निर्णय घेतला, तो मला त्या वर्षातला सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो.

प्रेक्षकांविना खेळ तो कसला, असं म्हणणाऱ्यांना लांबलचक उत्तर द्यायची गरज नाही. मराठी वाचकाला तर मुळीच नाही. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत झालेल्या शर्यती सोडल्या तर आपल्याकडच्या फॉर्म्युला वनच्या चाहत्याला स्टँड कधी मिळालेलाच नाही. त्याची गॅलरी म्हणजे घरातला सोफा. ५ जुलैच्या संध्याकाळी, टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या निर्बंधांत पुण्या-मुंबईत घरी बसलेल्याला सात वाजायला वीस मिनिटं असताना जी शर्यत दिसली ती त्याच्यासाठी नेहमीसारखीच होती. वाल्टेरी बोटासने ती जिंकली, लँडो नॉरिस पहिल्यांदाच पहिल्या तिघांत आला, थरार तसूभरही कमी नव्हता. स्टँडमधल्या माणसाचं दुःख खोटं नाही. पण खेळ त्याच्यावाचून होऊ शकतो हे टीव्हीने फार पूर्वीच सिद्ध केलं होतं, महामारीने ते फक्त उघडं पाडलं.

खरा जड आक्षेप वैद्यकीय आहे, आणि रिकाम्या स्टँडच्या छायाचित्रांनी नेमका तोच झाकला. मोटारशर्यत हा असा खेळ आहे की जो डॉक्टरांशिवाय सुरूच करता येत नाही. ट्रॅकवर वैद्यकीय पथक, रुग्णवाहिका, हेलिकॉप्टर आणि जवळ सज्ज रुग्णालय असल्याखेरीज झेंडा दाखवता येत नाही. आणि ही तयारी शोभेची नसते. १९ जुलैला स्पेनमध्ये हेरेझला मोटोजीपीचा हंगाम पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच शर्यतीत मार्क मार्केझच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. दोनच दिवसांत बार्सिलोनात शस्त्रक्रिया, मग आणखी दोन, आणि त्या वर्षी तो पुन्हा शर्यतीत उतरू शकला नाही. २९ नोव्हेंबरला बहारीनला रोमां ग्रोजांची गाडी लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. तो जवळपास अर्धा मिनिट ज्वाळांत होता. हेल्मेटभोवतीचं टायटेनियमचं कडं आणि मागोमाग धावणारी वैद्यकीय गाडी यांमुळे तो वाचला. भाजलेल्या हातांनी त्याने काही रात्री लष्करी रुग्णालयात काढल्या. ज्या काळात रुग्णालयाची प्रत्येक खाट मोजली जात होती त्या काळात ही खाट खेळाने घेतली, हे नाकारता येणार नाही. माझ्या मते याला एकच सचोटीचं उत्तर आहे: ज्या भागात रुग्णालयं तुडुंब आहेत तिथे शर्यत नको, मग स्टँड कितीही रिकामे असोत. आणि जिथे जागा आहे तिथे ती आहे हे आकड्यांनिशी जाहीर करून मग शर्यत घ्यावी. फॉर्म्युला वनच्या आयोजकांनी चाचण्यांचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला प्रसिद्ध केले. खाटांचे आणि अतिदक्षता विभागांचे आकडेही त्याच ठळकपणे पुढे ठेवायला हवे होते. तिथे सगळेच आयोजक कमी पडले.

दुसरा जड आक्षेप विशेषाधिकाराचा. जूनमध्ये ब्रिटनने बाहेरून येणाऱ्यांना चौदा दिवसांचं विलगीकरण लावलं, पण वरच्या श्रेणीच्या खेळांना त्यातून सूट दिली. फॉर्म्युला वनचे बहुतेक संघ इंग्लंडातले. ही सूट नसती तर हंगाम चाललाच नसता. आप्तांच्या अंत्यसंस्कारालाही जाऊ न शकलेल्या माणसाला हे टोचणारच. या बाबतीत खेळाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद असताना याच संघांतल्या अभियंत्यांनी श्वसनयंत्रांच्या कामात उडी घेतली. मर्सिडीजच्या इंजिन कारखान्याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजबरोबर फुप्फुसांत दाबाने हवा पोचवणारं यंत्र शंभर तासांच्या आत तयार केलं आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेला तशी दहा हजार यंत्रं पुरवली. याने सूट विकत घेतली असं कुणी म्हणू नये. पण या धंद्यातल्या कौशल्याला समाजात किंमत नाही, हे म्हणणंही मग टिकत नाही. शिवाय सूट घेणारे सगळे धनदांडगे होते असंही नाही. फॉर्म्युला वनबरोबर त्याच ट्रॅकवर धावणाऱ्या फॉर्म्युला टूमधल्या तरुण ड्रायव्हरांना एक हंगाम बुडणं म्हणजे कारकीर्दच बुडणं. मुंबईचा जेहान दारूवाला त्या वर्षी तिथे नवखा होता. हंगामभर चाचपडल्यावर ६ डिसेंबरला बहारीनमध्ये त्याने शर्यत जिंकली, आणि फॉर्म्युला टूमध्ये जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. शर्यती वर्षभर बंदच राहिल्या असत्या तर ही संधी त्याला मिळाली नसती.

तरीही या पुनरागमनाची एक बाजू मला समर्थनीय वाटत नाही, आणि ती कळायला पुन्हा नॉर्थ कॅरोलायनात जावं लागतं. २४ मे २०२० ला शार्लटच्या भव्य ट्रॅकवर सहाशे मैलांची कोका-कोला शर्यत राज्याच्या संमतीने प्रेक्षकांविना झाली. त्याच्या आदल्याच दिवशी, त्याच राज्यात, अ‍ॅलमॅन्स काउंटीतल्या एस स्पीडवे या लहानशा ट्रॅकने शनिवारच्या शर्यती सुरू केल्या आणि हजारांवर प्रेक्षक आत घेतले. तेव्हा राज्यात उघड्यावर पंचवीसहून जास्त लोकांना जमायची बंदी होती. पुढच्या दोन शनिवारीही तेच झालं. ८ जूनला आरोग्य खात्याने हा ट्रॅक सार्वजनिक आरोग्याला धोका ठरवून बंद करायचा आदेश काढला. आरोग्याच्या दृष्टीने हा आदेश बरोबरच होता. दाटीवाटीने बसलेले लोक आपापल्या घरी, आपापल्या गावी परततात आणि त्यांचा माग कुणालाच काढता येत नाही. एका गाडीमागे सोळा माणसं मोजणं शक्य आहे, स्टँडमधल्या हजारांचा हिशेब अशक्य. पण या ट्रॅकला शार्लटची वाट उघडी नव्हती, हेही तितकंच खरं. त्याच्याकडे वाहिनीचा करार नाही, प्रायोजकांची रांग नाही. दारावरची तिकिटं आणि आतली खाण्यापिण्याची विक्री, एवढंच त्याचं उत्पन्न. प्रेक्षकांविना शर्यत घ्या, हे त्याला सांगणं म्हणजे धंदा बंद करा असंच सांगणं होतं.

नियम एकच होता, पण तो पाळण्याची ऐपत एकाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. टीव्हीने ज्या मालिकांना प्रेक्षकांपासून मोकळं केलं त्या परतल्या आणि ज्यांचा पोशिंदाच प्रेक्षक होता ते ट्रॅक मागे राहिले. यावर दारं उघडणं हा उपाय नव्हता. बंद ठेवण्याची भरपाई हा होता. समाजाच्या आरोग्यासाठी ज्याला धंदा मिटवायला सांगितलं, त्याचं भाडं, कर्जाचे हप्ते आणि कामगारांचे पगार यांचा वाटा समाजाने उचलायला हवा, आणि प्रक्षेपणावर तगलेल्या मोठ्या मालिकांनीही आपले ड्रायव्हर ज्या गावठी ट्रॅकवर घडतात त्यांना हात द्यायला हवा. एस स्पीडवेचा वाद मात्र न्यायालयात गेला आणि महामारी ओसरल्यावरही सुरू राहिला. आपल्यालाच निवडून लक्ष्य केलं आणि राज्याच्या घटनेने दिलेला स्वतःच्या श्रमाचं फळ उपभोगण्याचा हक्क हिरावला, असा मालकांचा दावा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळायला नकार दिला आणि त्याची सुनावणी पुढे चालू राहू दिली.